फेरफार क्रमांक १२

महसूल खात्यात उभी हयात घालविलेल्या माणसाला निवृत्तीनंतर जे व्यसन जडावे ते बहुधा भजनाचे, फुलझाडांचे किंवा फार तर वर्तमानपत्रांना पत्रे पाठविण्याचे असते. परंतु तलाठ्याच्या सज्जापासून तहसील कचेरीतील अव्वल कारकुनाच्या खुर्चीपर्यंतचा प्रवास करीत असताना ज्याने रात्रीच्या वेळी, वरिष्ठांच्या नजरेआड, ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजविली, त्याच्या नशिबी घोडनदीच्या काठी एका पोलादी पेटीपुढे मांडी घालून बसणे आले. पेटीची रुंदी १९ इंच, उंची पावणेदोन इंच. समोर थोडी बटणे आणि लाल अंकांची एक खिडकी; मागे जॅकची भोके, आणि त्यांच्या शेजारी पाच टाचण्यांची दोन गोल छिद्रे. जन्माने ती अमेरिकन असल्यामुळे तिला १२० व्होल्टची वीज लागते आणि आपल्या घरात येते ती २३० व्होल्टची, म्हणून तिच्या सेवेला एक स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर कायमचा रुजू आहे. तो पेटीहून जड आहे. दौंडच्या रेल्वे वसाहतीत राहणाऱ्या एका वृद्ध वादकाकडून ती मला मिळाली. पैसे घेताना ते म्हणाले, "भाऊसाहेब, हिला आवाज शिकवावा लागतो. आणि शिकवलेलं ती विसरते, एवढं ध्यानात ठेवा." पेटीवरचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण पुढे तिच्या विस्मरणाची कथा सांगावयाची आहे आणि तो दोष तिच्या कर्त्याचा नव्हता.

बेस गिटार हे वाद्य आपल्याकडे उपरे समजले जाते, आणि ते तसे आहेही. लिओ फेंडर या अमेरिकन कारागिराने १९५१ साली आपली प्रिसिजन बेस बाजारात आणली, तेव्हा कुठे त्या थोरल्या खर्जाच्या सारंगीवाणी उभ्या वाद्याला गळ्यात अडकविण्याजोगे रूप आले. परंतु तिचे काम उपरे नाही. गोंधळ्याच्या मागे उभा राहून जो तुणतुणे वाजवितो त्याच्याकडे कोणी पाहत नाही, कोणी त्याच्या नावाने शिट्टी घालीत नाही, आणि तरीही त्याची एक तार थांबली की संबळासकट सारा गोंधळ पोरका होतो. बेस गिटार म्हणजे त्या तुणतुण्याचाच खाली उतरलेला, चार तारांचा भाऊबंद आहे. तिची सर्वांत जाड तार सेकंदाला ४१ कंपने करते, पुढची ५५, मग ७३, मग ९८. हे आकडे मी हौसेने सांगत नाही. या आकड्यांतच आमच्या धंद्याचे दुखणे आहे.

कारण असे, की आपल्या विजेची कंपने सेकंदाला ५० असतात. जाड तारेवर तिसऱ्या पट्टीवर बोट ठेवले म्हणजे जो स्वर निघतो तो ४९ कंपनांचा. म्हणजे जत्रेच्या मांडवात जेव्हा अर्थिंग कच्चे असते आणि जनरेटर खोकत असतो, तेव्हा जी घरघर वाद्यात शिरते, ती माझ्या एका स्वराच्या अगदी बांधाला बांध लावून बसलेली असते. आणि बांधाचे तंटे किती चिवट असतात हे महसूल खात्यातील माणसाला कोणी सांगावयास नको. घरघर कापावी तर स्वर कापला जातो, स्वर राखावा तर घरघर राहते. साउंडवाला "हम येतोय, हम येतोय" म्हणून ओरडत असतो आणि त्याचे खरे असते.

दुसरे दुखणे भोंग्यांचे. आता भिंतीएवढे स्पीकर आले. परंतु माझ्या उमेदीच्या काळात शिरूर तालुक्यातील जत्रांत झाडाला किंवा बांबूला बांधलेले भोंगे असत, आणि भोंग्याला तीनशेच्या खालची कंपने बहुतांशी पेलवत नाहीत. म्हणजे मी रात्रभर जे वाजवीत होतो त्याचा पाया लोकांपर्यंत पोहोचतच नव्हता. तरीही लोकांना बेस ऐकू येई, यात चमत्कार नाही. कोणताही स्वर एकटा येत नसतो, दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर तो सोबत घेऊन येतो. आणि मूळ स्वर गाळला गेला तरी नुसत्या उपस्वरांच्या साक्षीवरून कान मूळ स्वराचा निवाडा देतो. मालक गैरहजर असताना शेजारपाजाऱ्यांच्या जबान्यांवरून वहिवाट ठरवावी, तसा हा पंचनामा आहे. साक्षीदार जितके भक्कम, तितका निकाल पक्का. आणि उपस्वर भक्कम करण्याचे काम करते ते व्हॉल्व्ह.

प्रीअँप म्हणजे काय, तर तारेखालच्या चुंबकातून निघालेला दुबळा विद्युत्प्रवाह मोठ्या अँप्लिफायरच्या दारी नेण्यापूर्वी त्याला न्हाऊमाखू घालणारे, त्याचे कपडे ठरविणारे दालन. त्यात व्हॉल्व्ह असला म्हणजे तो प्रवाह जरा जास्त ढकलला असता त्याची टोके गोलसर दबतात, आणि त्या दबण्यातून नवे उपस्वर जन्माला येतात. १२एएक्स७ नावाचा एक लहानसा काचेचा व्हॉल्व्ह या कामी जगभर वापरतात. युरोपात त्यालाच ईसीसी८३ म्हणतात. आपल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही एके काळी रेडिओचे व्हॉल्व्ह तयार होत, हे आता सांगितले तर पोरांना खरे वाटत नाही.

जुन्या प्रीअँपवर खुंट्या असत. गाणे बदलले की वाकून चार खुंट्या फिरवायच्या, आणि तोवर ढोलकीवाल्याने दोन आवर्तने काढलेली असायची. १९८० च्या दशकात काही अमेरिकन कारागिरांनी यावर तोड काढली. कॅलिफोर्नियातील ए.डी.ए. या कंपनीने १९८७ साली एम.पी.-१ नावाचा गिटारचा प्रीअँप काढला. त्यात दोन १२एएक्स७ होते, आणि खुंट्यांच्या १२८ वेगवेगळ्या मांडण्या साठवून ठेवण्याची सोय होती. त्याच घराण्यात मागाहून एम.बी.-१ हा बेस गिटारचा प्रीअँप निघाला. या जातीच्या यंत्रांचे मर्म असे, की आवाज आरंभापासून शेवटपर्यंत जुन्या पद्धतीनेच, तारांतून आणि काचेतूनच वाहतो, त्याचे कधीही अंकांत रूपांतर होत नाही. अंकांत असते ती केवळ खुंट्यांची स्थिती. आत बसलेला चिमुकला गणकयंत्राचा मेंदू इलेक्ट्रॉनिक कळा उघडतो आणि मिटतो, प्रवाहाची वाट रुंद किंवा अरुंद करतो, आणि बाजूला होतो. मामलेदार नांगर धरीत नाही. तो फक्त जमीन कोणाच्या नावे हे लिहितो, आणि तेवढ्यावर नांगर कोणी धरायचा हे ठरते.

हा हुकूम बाहेरून देण्याची जी रीत, तिचे नाव मिडी. आमचे शिरूर हे कंपनी सरकारचे जुने लष्करी ठाणे. १८१७ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी येथूनच पुण्याकडे निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावी पेशव्यांच्या फौजेला भिडली. त्या छावणीत जे बिगूल वाजत असतील ते आवाजातून दिलेले हुकूम होत. मिडी याच्या नेमके उलट आहे. तिच्या तारेतून आवाज मुळीच जात नाही, जातो तो आवाजाविषयीचा हुकूम: अमुक स्वर दाबला, अमुक जोराने दाबला, आता सोडला, आता बाराव्या मांडणीवर जा. जपानच्या रोलंड कंपनीचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेच्या सीक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ या दोघांच्या पुढाकाराने ही रीत ठरली. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील व्यापारी प्रदर्शनात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे की-बोर्ड एका तारेने जोडून एकमेकांशी बोलताना दाखविण्यात आले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात तिचे नियम छापून प्रसिद्ध झाले. यातील मोठेपणा यंत्रशास्त्रापेक्षा दिलाच्या उदारपणात अधिक आहे, असे मला वाटते. प्रतिस्पर्ध्यांनी एकच मोडी लिपी मान्य करावी ही गोष्ट व्यापारात सहसा घडत नाही. त्याच १९८३ साली आमच्याच तालुक्यात, पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबागांनी विज्ञान आश्रम सुरू केला आणि खेड्यातल्या पोरांच्या हाती सोल्डरिंगची सळई आणि वेल्डिंगची कांडी दिली. या दोन घटनांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. परंतु पुढे २००२ साली अमेरिकेतील एमआयटीने आपल्या आवाराबाहेरील पहिली फॅब लॅब, म्हणजे वस्तू घडविण्याची प्रयोगशाळा, उभारली ती त्या पाबळलाच, आणि हे ठाऊक असल्यामुळे आपण आडगावी बसून हे कसले उद्योग करीत आहोत असा संकोच मला पेटी उघडताना कधी वाटला नाही.

हुकुमाची ही रीत कचेरीतल्या माणसाला चटकन उमगते. टपालाचे सोळा विभाग आहेत, त्यांना चॅनेल म्हणतात. प्रत्येक शब्द आठ बिटांचा. त्यातला पहिला बिट हा जणू शिक्का, तो उठलेला असेल तर हा हुकूम समजावा, नसेल तर हुकुमातला तपशील. उरले सात, सात बिटांत ० ते १२७ एवढेच आकडे मावतात, म्हणून मिडीच्या जगात जिकडे तिकडे १२८ दिसतात. मांडणी बदलण्याचा हुकूम दोन शब्दांचा: पहिल्यात विभाग आणि हुकुमाचा प्रकार, दुसऱ्यात क्रमांक. सेकंदाला ३१,२५० बिट या वेगाने तो एक हजारांश सेकंदाच्या आत पोहोचतो. मी याला फेरफार म्हणतो. आमच्या खात्यात फेरफाराची नोटीस काढून पंधरा दिवस हरकतींची वाट पाहावी लागते. इथे हरकत घ्यावयास कोणी असलेच तर तो ढोलकीवाला, आणि त्याची हरकत नेहमी फेरफार झाल्यानंतर येते.

आणखी एक गोष्ट मला फार मोहक वाटते. हुकूम पाठविणाऱ्या यंत्राची वीज स्वीकारणाऱ्या यंत्राला शिवत नाही. तार पेटीत शिरली की तिथे एका काळ्या चिपेत इवलासा दिवा लुकलुकतो, आणि त्याच्यासमोर बसलेला प्रकाशाचा पारखी ती उघडझाप वाचतो. मधे तारेचा सांधा नाही, केवळ उजेड. त्यामुळे एका यंत्राची घरघर दुसऱ्यात उतरत नाही. चिकाच्या पडद्याआडून फर्मान सुनावणाऱ्या राजघराण्यातील स्त्रियांप्रमाणे हा कारभार चालतो.

मिडीपूर्वीही यंत्राला बेस शिकविण्याची खटपट झाली होती, आणि तिचा एक विलक्षण नमुना मुंबईचा आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजविणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंडची तीन यंत्रे जमवून रागांवर आधारलेली डिस्कोच्या ठेक्याची एक तबकडी केली. त्यातील टीबी-३०३ हे यंत्र बेस गिटारवाल्याच्या जागी बसण्यासाठीच काढलेले होते आणि त्यात स्वर भरणे इतके किचकट होते की अनेकांनी ते कंटाळून विकून टाकले. त्याही यंत्राला पाच टाचण्यांचेच छिद्र होते, परंतु त्यातून केवळ तालाचे ठोके जात. ती तबकडी त्या वेळी कोणी विचारली नाही. पुढे दोन तपे उलटल्यावर परदेशी रसिकांनी ती डोक्यावर घेतली. आमच्याकडच्या पार्ट्यांत मात्र बेस गिटारवाल्याच्या पोटावर पाय आणला तो या यंत्राने नव्हे, तर डाव्या हाताने बेस वाजविणाऱ्या की-बोर्डवाल्याने.

महसूल खात्याचा आणि की-बोर्डाचा संबंध अगदीच दूरचा आहे असेही नाही. अजय आणि अतुल गोगावले या बंधूंचे वडील महसूल खात्यात होते, आणि त्यांच्या बदल्यांपायी या मुलांचे बालपण राजगुरुनगर, जुन्नर, शिरूर, घोडेगाव अशा गावांतून फिरत गेले. घरात वाद्य नव्हते तेव्हा ज्यांच्याकडे आहे त्यांच्याशी दोस्ती करून ते शिकले, आणि यथावकाश वडिलांनी एक की-बोर्ड आणून दिला. 'सैराट'च्या संगीतासाठी हॉलिवूडमधील ध्वनिमंचावर जिवंत वाद्यवृंद बसविणाऱ्या या जोडीच्या उदाहरणाचा परिणाम असा झाला, की न्हावऱ्याहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील गावागावांत घरटी एक की-बोर्ड आणि दोन घरांत मिळून एक ऑक्टोपॅड आहे. चौफुल्याच्या कलाकेंद्रांतील संगीतबारीतही पेटी-ढोलकीच्या शेजारी आता की-बोर्ड दिसतो. खात्याच्या बदल्यांनी असंख्य संसारांची वाताहत केली, हे एक चांगले काम मात्र त्यांनी केले.

परंतु मी पेटीला शिकविण्याविषयी सांगत होतो. हे काम घाईचे नव्हे. खिडकीत दोनच आकडे दिसतात, एका वेळी एकच गुण निवडता येतो, आणि बाणाचे बटण दाबून त्याची किंमत एकेक पायरी वर-खाली करावयाची. वाजवून पाहावयाचे, पुन्हा दाबावयाचे. आणि सर्व मनासारखे झाल्यावर साठविण्याचे बटण दाबावयाचे विसरून दुसऱ्या मांडणीवर गेले की तासाभराची मेहनत कृष्णार्पण. गोंधळाची मांडणी करण्यात माझ्या तीन संध्याकाळी गेल्या. संबळाचा आणि पॅडवाल्याच्या मोठ्या ढोलाचा मुक्काम साठ-सत्तर कंपनांच्या आसपास, म्हणून तेथून मी माझा आवाज थोडा काढून घेतला. शंभरच्या वर किंचित भर घातली. आणि सातशे-आठशेच्या पट्ट्यात, जेथे तारेवर बोट आपटल्याचा टणत्कार असतो तेथे, उदारपणे वाढ दिली, म्हणजे गर्दीतही स्वराची कड दिसावी. व्हॉल्व्ह एवढाच ढकलला की जोराने छेडले असता तो गुरगुरावा आणि हळू छेडले असता गप्प राहावा. लावणीसाठी याच्या उलट: ढोलकीच्या डाव्या पुडीचा घुमारा हाच तेथे खरा बेस, म्हणून माझा आवाज लोण्यासारखा, गुरगुर शून्य.

ही सगळी मांडणी मी एका लांबोड्या नोंदवहीत उतरवून ठेवीत असे. स्तंभ आखलेले: अनुक्रमांक, मांडणीचे नाव, गेन, खालची पट्टी, मधली पट्टी, वरची पट्टी, पातळी, आणि शेवटी सवयीने आखलेला, नेहमी कोरा राहणारा शेऱ्याचा स्तंभ. ऑर्केस्ट्रातील पोरे यावर हसत. गोंधळाची मांडणी क्रमांक १२. आमच्या की-बोर्डवाल्याचे जुने यंत्र मोजणी शून्यापासून करी आणि माझी पेटी एकापासून, म्हणून माझ्या बाराला त्याने अकरा पाठवावयाचे, एवढे त्याच्या यंत्रावर चिकटपट्टीने लिहून ठेवले होते. पायाने दाबावयाचा मिडीचा फलक माझ्याजवळ नव्हता. गाण्यागणिक फेरफार त्याच्याच हातून होई, दुसऱ्या चॅनेलवरून.

आणि तरी फजिती व्हावयाची ती झालीच. एका गावच्या यात्रेची सुपारी होती. पेटीसोबत आलेल्या झेरॉक्स पुस्तिकेची मधली पाने गहाळ असल्यामुळे, पेटी 'ओम्नी' नावाच्या अवस्थेत आहे, म्हणजे सोळाही विभागांचे टपाल ती आपलेच समजून फोडते, हे मला ठाऊक नव्हते. तालमीत की-बोर्डवाल्याने मधेच आवाज बदलला नव्हता, म्हणून हे उघडकीस आले नाही. यात्रेत, आई भवानीचे आवाहन रंगात आले असताना, त्याला आपल्या पहिल्या चॅनेलवर बासरी हवी झाली. १९९१ साली ठरलेल्या आवाजांच्या सर्वमान्य यादीत बासरीचा क्रमांक ७४. त्याला बासरी मिळाली. आणि माझ्या पेटीने तोच हुकूम शिरसावंद्य मानून स्वतःची ७४ वी मांडणी उघडली, जी मूळच्या कोणा धडाकेबाज गोऱ्या वादकासाठी भरलेली होती. गोंधळात एकाएकी ट्रकचा गिअर अडकल्यासारखा आवाज उठला. एका म्हातारीने देवी आली असे समजून हात जोडले. ढोलकीवाला माझ्याकडे न पाहता एवढेच म्हणाला, "भाऊसाहेब, नोटीस न काढताच?"

पेटीला केवळ दुसऱ्या चॅनेलचे टपाल घ्यावयास शिकविल्यावर पुढे कित्येक वर्षे तिने तक्रारीला जागा दिली नाही. दौंडच्या म्हाताऱ्यांचे शब्द मी विसरून गेलो होतो. मग एका पावसाळ्याअखेर पेटी सुरू केली, तर खिडकीत निरर्थक आकडे आणि स्पीकरमध्ये शुकशुकाट. कारण पेटी उघडताच दिसले. या यंत्रांचे दप्तर ज्या चिपेवर असते तिला वीज गेली की काही आठवत नाही. म्हणून बटणासारखी एक तीन व्होल्टची लिथियमची बॅटरी आत सोल्डर करून ठेवलेली असते, जी पेटी बंद असताना ते दप्तर जागते ठेवते. दहा-पंधरा वर्षांत ती मरते, आणि दप्तर तिच्यासह सती जाते. शहाणा माणूस आधीच सारे दप्तर मिडीच्याच तारेने दुसऱ्या यंत्रात नकलून घेतो, किंवा जुनी बॅटरी काढण्यापूर्वी तिला समांतर दुसरी बॅटरी तात्पुरती जोडतो, म्हणजे क्षणभरही अंधार होत नाही. मी यांपैकी काहीच केले नव्हते. पण माझी वही होती.

नवी बॅटरी या खेपेस सोल्डर केली नाही. घडीव खाचेचे घर बसवून घेतले, म्हणजे पुढच्या खेपेला सोल्डरिंगची गरज पडू नये. मग चार रात्री बसून एकेक मांडणी वहीतून पेटीत चढविली, आणि प्रत्येक आकडा दोनदा रुजुवात घेऊन तपासला. व्हॉल्व्ह तेच, गिटार तीच. या शुभकार्यानिमित्त गिटारला तारांचा कोरा संच चढविला. पहिल्या तालमीला गोंधळ सुरू झाला, बारावी मांडणी उघडली, आणि दुसऱ्या आवर्तनाला ढोलकीवाल्याने हात थांबविला.

"भाऊसाहेब, ह्यो त्यो आवाज न्हाय."

मी वही त्याच्यापुढे धरली. आकड्याला आकडा जुळत होता. त्याने वहीकडे पाहिलेसुद्धा नाही. उठून आला आणि गिटारच्या जाड तारेवरून अंगठा फिरविला. तार झगझगीत होती, अंगठ्याखाली करकरत होती. "जुन्या कुठं हाईत?" त्याने विचारले. आठ वर्षांच्या घामाने आणि मांडवांतल्या धुळीने काळवंडलेल्या त्या तारा मी आदल्या दिवशी भंगारवाल्याला पत्र्यासोबत देऊन टाकल्या होत्या.

रात्री घरी आल्यावर मी वही उघडली, आणि अनुक्रमांक १२ समोरच्या शेऱ्याच्या स्तंभात लिहिले: तारा जुन्या असाव्यात. खाली तारीख घातली आणि सही केली.